जुन्या आरएफ सिग्नल जनरेटरची पातळी मध्येच कोसळते: दुरुस्तीच्या नोंदी

रिसीव्हर वगैरे तपासायला ठरावीक फ्रिक्वेन्सीचा आणि ठरावीक ताकदीचा (पातळीचा) सिग्नल देणारं हे यंत्र १९८०च्या दशकातलं आहे. १०० किलोहर्ट्झ ते १००० मेगाहर्ट्झ, आउटपुट ५० ओहम, पातळी उणे १२७ डीबीएमपासून अधिक १३ डीबीएमपर्यंत (डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत डीबी). आतली साखळी त्या काळातल्या बऱ्याच जनरेटरांत दिसते तशीच: सिंथेसायझर, आउटपुट अँप्लिफायर आणि त्यातच पातळी स्थिर ठेवणारा एएलसी डिटेक्टर, मग सिग्नल पायरीपायरीने कमी करणारा, सोलेनॉइडवर (विद्युतचुंबकी खटक्यांवर) चालणारा स्टेप अ‍ॅटेन्युएटर, त्याला जोडून, बाहेरून उलटी पॉवर आली तर आउटपुट तोडणारी रिव्हर्स पॉवर प्रोटेक्शनची डबी आणि शेवटी पुढच्या पॅनेलवरचा एन कनेक्टर. मेक आणि मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण हा दोष कुणाच्याही यंत्रात येऊ शकतो. ज्यांना अशीच तक्रार सोडवायची आहे, त्यांच्यासाठी चुकांसकट सगळं लिहून ठेवतो आहे.

६ जानेवारी

एक व्हीएचएफ एफएम रिसीव्हर तपासायला घेतला होता. १४५ मेगाहर्ट्झवर १२ डीबी सिनॅडसाठी (खरखरीतून आवाज किती स्वच्छ येतो त्याचं माप) जेवढा सिग्नल लागायला हवा, त्याहून २१ डीबी जास्त द्यावा लागला. रिसीव्हर बहिरा झाला असं धरून आत शिरलो. १०.७ मेगाहर्ट्झच्या पहिल्या आयएफला (रिसीव्हरच्या आतल्या मधल्या फ्रिक्वेन्सीच्या टप्प्याला) सिग्नल दिला, तर तिथे ४० डीबीहून जास्त कमी. ४५५ किलोहर्ट्झला तर पातळी कितीही वाढवली तरी काहीच नाही. दुसरी आयएफ मेली, असा निष्कर्ष काढला आणि आयएफ कॉइलचे गाभे फिरवत बसलो. दीड तास गेला. मग अचानक स्पीकरमधून टोन मोठ्याने आला आणि तसाच राहिला. माझा हात तेव्हा रिसीव्हरला लागलेलाही नव्हता.

दोष जनरेटरमध्ये आहे. रिसीव्हर चांगला होता, त्याची जुळणी मी बिघडवली. वरचे तिन्ही आकडे कागदावर उतरवले आणि कागद बाजूला ठेवला. त्या तीन आकड्यांत काय दडलं होतं ते कळायला मला पुढे चार आठवडे लागले.

७ जानेवारी

सकाळपासून चार तास जनरेटर चालू ठेवला. पातळी अगदी बरोबर. केबल हलवली, एन कनेक्टर हलवला, वरून थापट्या मारल्या, काही फरक नाही.

दोष हजर असल्याशिवाय झाकण उघडायचं नाही असं ठरवलं. हा नियम मी पुढे दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा वेळ गमावून बसलो.

१० जानेवारी

नोंद ठेवणारा लॉगर बनवला. एडी८३०७ हा लॉग डिटेक्टर, म्हणजे पातळी डीबीत मोजणारी चिप, वापरली. तो ५०० मेगाहर्ट्झपर्यंत चालतो, ९२ डीबीची रेंज देतो आणि प्रत्येक डीबीला साधारण २५ मिलिव्होल्ट बाहेर काढतो. त्याचा इनपुट रेझिस्टन्स १.१ किलोओहमच्या आसपास असतो, म्हणून इनपुटवर ५२.३ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला लावला की ५० ओहमची जुळणी होते. मायक्रोकंट्रोलरच्या १० बिटच्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) एका पायरीला ०.२ डीबी पडतात. आपल्याला २० डीबीची पडझड पकडायची आहे, तेव्हा एवढं पुरे. सेकंदाला एक नोंद, सोबत मागच्या पंख्याजवळच्या थर्मिस्टरचं तापमान.

जनरेटर १०० मेगाहर्ट्झ, ० डीबीएमवर ठेवला आणि झोपायला गेलो.

१२ जानेवारी

दोन रात्रींत नऊ वेळा पातळी पडलेली दिसली. आनंद झाला, पण आलेखाकडे नीट पाहिल्यावर शंका आली. पडझड कधी ३ डीबी, कधी १७, कधी ३५, आणि प्रत्येक वेळी कडा खरबरीत. डिटेक्टरच्या डबीवरचा बीएनसी बोटाने हलवला तर तोच नमुना उमटला. माझ्याच सॉकेटच्या मधल्या पिनचं सोल्डर कोरडं होतं. दोन रात्री त्यात गेल्या.

आता १६.७ ओहमच्या तीन रेझिस्टरांचा स्प्लिटर करून दोन वेगळे डिटेक्टर लावले. दोन्हीकडे ६ डीबी कमी मिळतात, हरकत नाही. दोन्ही एकाच सेकंदाला पडले तरच दोष जनरेटरचा. स्प्लिटर थेट एन कनेक्टरवर बसवला, मध्ये केबल ठेवलीच नाही. खंडित दोष शोधताना मोजणाऱ्या साधनांवर आधी संशय घ्यायला हवा होता, ते मी नंतर केलं.

१५ जानेवारी

खरी पकड मिळाली. १४ तासांत तीन वेळा दोन्ही चॅनेल एकदम पडले:

पहिली पडझड चालू केल्यापासून ४७ मिनिटांनी, ११ मिनिटं टिकली. दुसरी २ तास ५ मिनिटांनी, ३८ मिनिटं. तिसरी पहाटे, जेमतेम ४ मिनिटं. तिन्ही वेळा २४ डीबी, अर्ध्या-पाऊण डीबीच्या फरकाने. कडा सरळ, एका सेकंदात खाली आणि एका सेकंदात वर. मधली पातळी कुठेही नाही.

हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मळकट काँटॅक्ट असता तर पातळी रेंगाळली असती, थरथरली असती. इथे काहीतरी पूर्ण उघडतंय आणि पूर्ण बंद होतंय.

१६ ते १९ जानेवारी

नियम मोडला. झाकण काढलं. मेन्सची बाजू आतल्या प्लास्टिकच्या आवरणाखाली आहे, तरी प्लग काढून मोठे कपॅसिटर रिकामे होईपर्यंत थांबलो आणि मीटर लावून खात्री केली.

झाकण निघालं आणि दोष गायब. तीन दिवस लॉगर चालू, एकही पडझड नाही. पंख्याजवळचं तापमान पाहिलं तर नेहमीपेक्षा ८ अंशांनी कमी. उघडं यंत्र थंड राहतं, आणि हा दोष गरम झाल्यावर येणारा आहे.

वाट पाहता पाहता पॉवर सप्लायकडे वळलो. अधिक १५ व्होल्टच्या रेलवर ३८ मिलिव्होल्ट रिपल (डीसीवर उरलेली लहर) होता, म्हणून एवढ्या जुन्या यंत्रातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून टाकले. सात कपॅसिटर, दोन संध्याकाळी. त्यातल्या एकाचे पाय ओढताना दुहेरी बोर्डवरचा तांब्याचा पॅड उचकटला आणि तार टाकून तो जोडावा लागला. रिपल ४ मिलिव्होल्टवर आला. काम चांगलं झालं, पण या दोषाशी त्याचा संबंध नव्हता. रेल घसरली असती तर फ्रिक्वेन्सी, मॉड्युलेशन, सगळंच डगमगलं असतं. इथे फक्त पातळी पडत होती. सोल्डरिंग आयर्न उचलायच्या आधीच मी हा विचार करायला हवा होता.

२० जानेवारी

या कामातली सगळ्यात महागडी चूक आजची. "एकदा सगळे कनेक्टर काढून घालूया" म्हणून आतले रिबन कनेक्टर, एसएमबी आणि एसएमए हे छोटे आरएफ कनेक्टर, सगळे एकेक करून काढले, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आणि परत बसवले. एसएमए टॉर्क पान्याने आवळले. झाकण लावलं, लॉगर सुरू केला.

नऊ दिवस पातळी एकसारखी. बरा झाला असं मी दोघातिघांना सांगूनही टाकलं.

२९ जानेवारी

रात्री १ वाजून १२ मिनिटांनी परत २४ डीबी.

सगळं एकदम हलवल्यामुळे दोष तात्पुरता दबला. कुठल्या हालचालीने दबला तो पुरावा मात्र गेला. एका वेळी एकच गोष्ट हलवून दोन दिवस थांबलो असतो, तर हे नऊ दिवस उत्तर देऊन गेले असते.

१ फेब्रुवारी

आता शिस्तीने. तपासायच्या जागांवरून बारीक तारा काढून वरच्या झाकणाच्या जाळीतून बाहेर आणल्या आणि झाकण पूर्ण बंद केलं, म्हणजे आतलं तापमान नेहमीचंच राहील. प्रत्येक तारेच्या आतल्या टोकाला, अगदी बिंदूपाशी, १० किलोओहमचा रेझिस्टर. तो नसेल तर लांब तारेची कपॅसिटन्स एएलसीच्या लूपवर बसते आणि लूप स्वतःच डोलायला लागतो. मी पहिल्या प्रयत्नात रेझिस्टर तारेच्या बाहेरच्या टोकाला लावला होता. तेव्हा आउटपुटवर ऑसिलेशन दिसलं आणि नवीन दोष निर्माण झाला की काय या भीतीत अर्धा तास गेला.

दोन बिंदू घेतले: एएलसी डिटेक्टरचा व्होल्टेज आणि पातळी कमी-जास्त करणाऱ्या पिन डायोड मॉड्युलेटरला जाणारा ड्राइव्ह.

२ फेब्रुवारी

दोन पडझडी. दोन्ही वेळी डिटेक्टर व्होल्टेज जागच्या जागी, मॉड्युलेटर ड्राइव्हही जागच्या जागी. पॅनेलवरचा "अनलेव्हल्ड" दिवा विझलेलाच. दिवा चालतो ना, तेही पाहिलं: १००० मेगाहर्ट्झला मर्यादेपेक्षा जास्त पातळी मागितली, लगेच लागला.

दोष डिटेक्टरच्या अलीकडे असता तर एएलसीने कमतरता भरून काढायला ड्राइव्ह वाढवला असता. त्याला काहीच जाणवलं नाही, म्हणजे दोष डिटेक्टरच्या पुढे आहे. सिंथेसायझर, डिव्हायडर, अँप्लिफायर, अर्धंअधिक यंत्र एका फटक्यात संशयातून मोकळं झालं. उरल्या चार वस्तू: तांब्याच्या नळीच्या आवरणाची अर्ध-कडक केबल, अ‍ॅटेन्युएटर, प्रोटेक्शनची डबी, एन कनेक्टर.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी ७ वाजता पातळी पडली आणि मी समोर होतो. टेबलाला धक्का लागू दिला नाही. पातळीच्या बटणांना हात लावला नाही, कारण त्याने सोलेनॉइड हलतात. फक्त फ्रिक्वेन्सी बदलत गेलो. फ्रिक्वेन्सी बदलताना या यंत्रात काहीही यांत्रिक हलत नाही, सगळं डायोड स्विचिंग आहे. प्रत्येक ठिकाणी किती डीबी कमी मिळतात ते लिहिलं:

१० मेगाहर्ट्झ: ४३
३० मेगाहर्ट्झ: ३४
१०० मेगाहर्ट्झ: २४
३०० मेगाहर्ट्झ: १५
५०० मेगाहर्ट्झ: ११

आकडे खाली खाली लिहीत असतानाच उजेड पडला. फ्रिक्वेन्सी दहापट झाली की घट सुमारे २० डीबीने कमी होते. हे कपॅसिटरचं वागणं आहे. मार्गात कुठेतरी तार तुटून फट पडली आहे, आणि त्या फटीतून सिग्नल कपॅसिटन्सच्या आधाराने पलीकडे झिरपतोय. सोर्सचे ५० आणि लोडचे ५० मिळून १०० ओहम धरले आणि १०० मेगाहर्ट्झला २४ डीबी घट मांडली, तर फटीचा एसी सिग्नलला होणारा अडथळा, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स १६०० ओहमच्या आसपास येतो. म्हणजे जेमतेम १ पिकोफॅरड. तोच १ पिकोफॅरड घेऊन बाकीचे आकडे काढले: १० मेगाहर्ट्झला ४४, ३०० ला १४.७, ५०० ला १०.५. माझे आकडे डीबीभराच्या आत जुळले.

मग ६ जानेवारीचा कागद शोधला. १ पिकोफॅरडने १४५ मेगाहर्ट्झला २१ डीबी, १०.७ मेगाहर्ट्झला ४३ डीबी, आणि ४५५ किलोहर्ट्झला ७१ डीबी. अगदी तेच. दुसरी आयएफ मेलेली नव्हती. तिथपर्यंत सिग्नल पोचतच नव्हता. सगळं निदान पहिल्याच संध्याकाळी माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

कुणाच्या जनरेटरची पातळी अशी पडत असेल, तर पातळी पडलेली असतानाच चार-पाच फ्रिक्वेन्सींवर घट मोजा. सगळीकडे सारखी आली तर अ‍ॅटेन्युएटरचा एखादा पॅड (सिग्नल कमी करणारा रेझिस्टरांचा गट) अडकून बसलाय किंवा ड्राइव्ह चुकतोय असं समजा. खालच्या फ्रिक्वेन्सीला वाढत गेली तर मार्ग तुटलाय. दहा मिनिटांची ही मोजणी माझ्या आधीच्या चार आठवड्यांपेक्षा जास्त सांगून गेली.

५ ते ८ फेब्रुवारी

फट म्हटल्यावर सगळ्यात आधी अर्ध-कडक केबल डोळ्यांसमोर आली. आतलं पीटीएफई (टेफ्लॉन) तांब्यापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं, गरम-थंड होऊन कनेक्टरच्या तोंडाशी सरकतं, मधली पिन ढिली होते, हे पूर्वी एका यंत्रात पाहिलं होतं. या वेळी एकच गोष्ट हलवायची हा नियम पाळला: फक्त ती केबल काढली, नवीन बनवून लावली. वाकवताना पहिली केबल चपटी झाली, दुसरी नीट जमली.

तिसऱ्या रात्री पातळी पडली. जुनी केबल भिंगाखाली कापून पाहिली. पिन, सोल्डर, सगळं सुस्थितीत. केबल निर्दोष होती, पण निदान आता ती यादीतून नक्की गेली.

१० फेब्रुवारी

पडलेल्या अवस्थेत असताना पातळी १० डीबीने बदलून पाहिली. विचार असा की अ‍ॅटेन्युएटरच्या एखाद्या सेक्शनचा सरळ जाणारा काँटॅक्ट उघडत असेल, तर तो सेक्शन पॅडवर गेला की मार्ग पूर्ण होईल. सोलेनॉइडचा ठोका बसला आणि दोष गेला. पण सेक्शन बदलल्यामुळे गेला की हादऱ्यामुळे? सेक्शन पूर्ववत केला तरी दोष परत आला नाही. प्रयोगातून काहीच सिद्ध झालं नाही आणि पुढच्या पडझडीसाठी दीड दिवस थांबावं लागलं. ज्याने धक्का बसतो ती तपासणी सगळ्यात शेवटी करावी.

अ‍ॅटेन्युएटर उघडायचा मोह झाला होता. उघडला नाही. आतल्या पातळ सोनेरी पट्ट्या एकदा वाकल्या की यंत्राची अचूकता कायमची जाते, आणि काँटॅक्ट क्लीनर आत फवारणं तर त्याहून वाईट.

११ फेब्रुवारी

झाकण काढून जाड कागदाचा निमुळता शंकू केला आणि हेअर ड्रायरची हवा त्यातून एका वेळी एकाच वस्तूवर सोडली. एन कनेक्टर, ३ मिनिटं: काही नाही. अ‍ॅटेन्युएटरचं लांबचं टोक, ५ मिनिटं: काही नाही. प्रोटेक्शनची डबी, २ मिनिटं १० सेकंद: पातळी खाली. थंड होऊ दिली, वर आली. चार वेळा केलं, तीन वेळा पडली.

एक महिन्याने दोष माझ्या सांगण्यावरून येऊ लागला.

तरी डबी अ‍ॅटेन्युएटरला थेट स्क्रूने आवळलेली आहे, उष्णता तिकडेही पोचते. म्हणून लांब प्लास्टिकची विणकामाची सुई घेतली, एक टोक डबीवर, दुसरं कानाच्या मागच्या हाडाला टेकवलं. पंख्याचा आवाज एरवी सगळं गिळतो. गरम हवा सुरू केली. साधारण दोन मिनिटांनी आत अगदी बारीक "टिक" झालं, नखावर नख वाजावं तसं, आणि त्याच क्षणी लॉगरचा आकडा खाली आला.

आत रिले आहे. तो खरोखर सुटतो आहे.

१२ फेब्रुवारी

मॅन्युअलमधला नकाशा पाहिला. डबीतला रीड रिले (कॉइलच्या चुंबकत्वाने जुळणारा छोटा स्विच) चालू काळात ओढलेला असतो. वीज गेली किंवा बाहेरून उलटी पॉवर आली की तो सुटतो आणि आउटपुट तोडतो. रीड रिलेच्या उघड्या काँटॅक्टची कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या आसपास असू शकते, तीही जुळते.

पण प्रोटेक्शन ट्रिप झालं की पॅनेलवर दिवा लागायला हवा, आणि तो एकदाही लागलेला नव्हता. नकाशात कारण सापडलं: दिवा ट्रिपच्या लॅचवरून (ट्रिप झाल्याचं लक्षात ठेवणाऱ्या सर्किटवरून) चालतो. लॅचने रिलेला सोडायला सांगितलं तर दिवा लागतो, रिले आपोआप सुटला तर दिव्याला ते कळायचा मार्गच नाही.

कॉइलचा पुरवठा १२ व्होल्टच्या रेलवरून ट्रान्झिस्टर आणि १० ओहमच्या रेझिस्टरमधून डबीच्या भिंतीतून जोडणी आत नेणाऱ्या फीडथ्रू कपॅसिटरवर येतो. तिथे मीटर लावला. नेहमी ११.६८ व्होल्ट. हवा सोडली, टिक झालं, पातळी पडली, मीटरवर ११.९६ व्होल्ट.

व्होल्टेज तर आहेच, उलट थोडा जास्तच आहे. मग पुरवठा ठीक, रिलेच खराब, असं ठरवलं आणि तसाच रीड रिले कुठे मिळेल ते शोधत रात्र घालवली.

१३ फेब्रुवारी

ज्यांच्याकडून मी हे काम शिकलो त्या काकांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "अरे, व्होल्टेज वाढला म्हणतोस ना? मग त्या दहा ओहमांतला ड्रॉप कुठे गेला?"

"काका, तो रिले..."

"रिलेचं नंतर बघू. आधी करंट मोज."

फोन ठेवायच्या आधीच उत्तर कळलं होतं. कॉइल ५०० ओहमची, तिला साधारण २३ मिलिअँपिअर लागतात, १० ओहमवर ०.२३ व्होल्ट पडायलाच हवेत. ते पडत नाहीत आणि ट्रान्झिस्टरवरचा थोडा ड्रॉपही कमी झालाय, म्हणजे करंट शून्य. कॉइल सर्किटमध्येच नाही. मीटरवर ११.९६ दिसले तेव्हा "पुरवठा आहे" एवढंच मी वाचलं, आकडा वर का गेला हे विचारलं नाही.

१० ओहमवर दोन तारा लावून लॉगरवर घेतल्या. दोन पडझडी, दोन्ही वेळी करंट २३ वरून सरळ ०. आता संशय तीन जागांवर: फीडथ्रूची पिन, तिथून रिलेपर्यंतची तार, कॉइल.

१४ फेब्रुवारी

डबी काढून उघडली. आठ स्क्रू, खाली विणलेल्या तारेची गॅस्केट. गॅस्केट कशी बसली होती त्याचा आधी फोटो घेतला. १० पटीचं भिंग आणि तिरका उजेड.

फीडथ्रूच्या आतल्या पिनेवर रिलेची तार सोल्डर केलेली आहे. वरून पाहिलं तर सोल्डर चकचकीत, गोल, शंका येणार नाही असं. तिरप्या उजेडात पिनेच्या भोवती केसाएवढी काळी रेघ दिसली, पूर्ण वर्तुळ. लाकडी काडीने तार दाबली, रेघ मिटली. सोडली, उघडली. एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा काळपट डाग होता. कॉइलचा उलटा व्होल्टेज जिरवणारा डायोड डबीच्या बाहेर, ड्रायव्हरच्या बोर्डवर आहे. चीर डायोड आणि कॉइल यांच्या मध्ये पडल्यामुळे दर वेळी सर्किट तुटताना ठिणगी इथेच पडत असणार.

चीर का पडली तेही तिथेच दिसत होतं. रिले डबीच्या तळाला चिकटवलेला आहे आणि त्याची तार पिनेपर्यंत ताणून नेलेली, जराही सैल नाही. डबी गरम झाली की प्रसरणाचा सगळा ताण त्या एका सोल्डरवर. चाळीस-एक वर्षं रोज गरम, रोज थंड. अ‍ॅटेन्युएटरचा ठोका बसला की चीर मिटायची. २० जानेवारीला मी रिबन कनेक्टर काढला तेव्हा फीडथ्रूची बाहेरची तारही हलली असणार, म्हणून ते नऊ दिवस.

१५ फेब्रुवारी

घाई केली. फक्त फ्लक्स लावून जुनंच सोल्डर वितळवलं, वर थोडं नवीन दिलं. छान वाहिल्यासारखं दिसलं. डबी अर्धवट बंद करून हवा सोडली, सहाव्या फेरीत परत टिक.

१७ फेब्रुवारी

नीट केलं. डिसोल्डरिंग विकने जुनं सोल्डर पूर्ण काढलं. तारेचं टोक काळवंडलेलं होतं, त्यावर सोल्डर धरतच नव्हतं, फक्त भोवती बसत होतं. परवाचं म्हणून टिकलं नाही. टोक कापलं, नवीन भाग खरवडून आधी टिन केला. कापल्याने तार तोकडी पडली, म्हणून मध्ये पातळ लवचीक तारेचा तुकडा जोडला आणि त्याला अर्धवर्तुळाचं सैल वळण ठेवलं, म्हणजे ताण पिनेपर्यंत जाणारच नाही.

फीडथ्रूचं सिरॅमिक अचानक तापलं तर तडकतं. डबी आधी ड्रायरने कोमट केली, ६३/३७ सोल्डर वापरलं, आयर्न तीन सेकंदांत उचललं. आधी आणि नंतर कपॅसिटन्स मोजली: दोन्ही वेळा १००० पिकोफॅरडच्या जवळ, गळती नाही. शेजारच्या दोन फीडथ्रूंवरही तशाच ताणलेल्या तारा होत्या. त्यांना अजून चीर नव्हती, तरी त्या सैल करून घेतल्या. फ्लक्स पुसून काढला, गॅस्केट फोटो पाहून तशीच बसवली.

रिले मागवला नव्हता, बरंच झालं. तो पूर्ण चांगला आहे.

२८ फेब्रुवारी

अकरा दिवसांचा लॉग. टायमरवर ३ तास चालू, ३ तास बंद, म्हणजे रोज चार वेळा गरम-थंड. झाकण बंद, शेवटचे तीन दिवस मागची जाळी निम्मी झाकून आतलं तापमान आणखी ६ अंशांनी वर. एकही पडझड नाही. कॉइलचा करंट २३ मिलिअँपिअर, गरम झाल्यावर २१, कारण तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. तो वाढता-घटता आलेख पाहून उलट भरवसा वाटला, कॉइल सतत जोडलेली आहे.

प्रोटेक्शन खरोखर काम करतं का हेही तपासलं. मॅन्युअलमधल्या चाचणीबिंदूवरून ट्रिप दिली: रिले सुटला, दिवा लागला, रीसेट केल्यावर ओढला. हे न करता यंत्र वापरात घेऊ नका. सोल्डर करताना या डबीत काही बिघडलं असेल तर ते कळेल ते थेट एखाद्या ट्रान्समीटरची पॉवर उलटी आत शिरेल तेव्हा.

वेळेचा हिशेब वहीत मांडला. हात चालवलेले एकूण ५८ तास. त्यात पॉवर सप्लाय ९, सगळे कनेक्टर ५, केबल ८, रिलेचा शोध ३, माझ्या डिटेक्टरचं कोरडं सोल्डर ४. प्रत्यक्ष डबी उघडून दुरुस्त करायला, दोन्ही प्रयत्न धरून, ३ तास. वाया गेलेलं सामान: एक केबल आणि दोन कनेक्टर.

२ मार्च

रिसीव्हर परत टेबलावर घेतला. ६ जानेवारीला फिरवलेले गाभे जनरेटरच्या ४५५ किलोहर्ट्झ आणि १०.७ मेगाहर्ट्झवर एकेक करून जागेवर आणले. लॉगर दुसऱ्या चॅनेलवर चालूच ठेवला होता, म्हणजे जनरेटर मध्येच पडला तर या वेळी आधी मला कळेल. पडला नाही. १४५ मेगाहर्ट्झवर १२ डीबी सिनॅड उणे ११६ डीबीएमला मिळाला, म्हणजे ०.३५ मायक्रोव्होल्ट. रिसीव्हर झाकण लावून परत दिला, सोबत त्याला आधी काय झालं होतं आणि कुणामुळे, ते लिहिलेली चिठ्ठी.

जनरेटरच्या वरच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवला आहे: तारीख, फीडथ्रूची जागा, ११.६८ व्होल्ट, २३ मिलिअँपिअर.